बदली बाई

साल एकोणीसशे शहाऐंशी. शर्टांच्या कारखान्यात काजं करायचं दुसरं मशीन आलं आणि कँटीनच्या खिडक्यांना एकदाच्या जाळ्या बसल्या, ते साल. पुढे कधी जुन्या गोष्टी निघाल्या की त्या लाइनीतल्या बायका तेच साल धरून बोलायच्या. अमकं डॉक्टरी तपासणीच्या आधी झालं, तमकं तपासणीच्या नंतर.

“अहो जाऊबाई, बिल्ला काढा तुमचा. चटकन. घड्याळबाईंची पाठ आहे तोवर.”

थोरलीने मशीनवरून मान वर केली नाही. “नको गं. कुणी ओळखलं तर?”

“कोण ओळखतंय? नाकाला फडकं बांधलं की आपण सगळ्या सारख्याच. आणि आतल्या डॉक्टरीणबाईंना तोंड बघायचंच नाहीये.”

पलीकडची कफवाली फस्सकन हसली आणि तिच्या सुईखालचा कफ तिरका गेला. घड्याळबाई, म्हणजे त्यांच्या सुपरवायझर, ज्यांची नजर शर्टापेक्षा भिंतीवरच्या काट्यांवर जास्त असायची, त्या गर्रकन वळल्या. “काय चाललंय तिकडे? दात मोजताय का?”

“नाही बाई. तपासणीला जातेय,” धाकटी म्हणाली. तोवर थोरलीचा नंबर कोरलेला पितळी बिल्ला तिच्या एप्रनला लागलासुद्धा होता.

थोरली आणि धाकटी या सख्ख्या जावा. एका घरात राहायच्या आणि एकाच लाइनीत बसायच्या. धाकटी कॉलर लावायची, थोरली काजं करायची. थोरली-धाकटी ही घरात सासूने ठेवलेली हाक धाकटीने कारखान्यात नेली आणि मग तिथेही सगळ्यांच्या तोंडी तीच बसली. थोरली अबोल, चाळिशी गाठलेली, एका मुलीची, बेबीची, आई. धाकटी तिच्याहून सात-आठ वर्षांनी लहान, बोलायला लागली की मशीनचा आवाज मागे पडावा अशी. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, मूल नव्हतं. दोनदा राहिलं आणि दोनदा गेलं. त्यावर कुणी हळहळायला लागलं की ती म्हणायची, “माझा माल पॅकिंगपर्यंत पोचतच नाही बघा,” आणि समोरच्याचीच पंचाईत करून टाकायची.

बिल्ला बदलायची ती कल्पना काही आभाळातून पडली नव्हती. लाइनीचं कामच तसं होतं. एका टोकाला कापलेले तुकडे यायचे, दुसऱ्या टोकाने घडी घातलेला शर्ट बाहेर पडायचा, आणि मधली एक बाई जरी उठली तरी पुढच्या सगळ्या हात बांधून बसायच्या. म्हणून बदली. कुणाला कळ मारायला लागली, कुणाला बाथरूममध्ये जाऊन रडून यायचं असलं, की शेजारीण दोन्ही मशीन सांभाळायची. बदलीला नाही म्हणायचं नाही आणि बदलीचे उपकार मानायचे नाहीत, हा तिथला कायदा. इतकी वर्षं एकमेकींच्या जागी बसून बसून त्या बायकांना एकीचा हात आणि दुसरीचा हात यांत फरकच वाटेनासा झाला होता. अंगाचंही तेच होईल असं त्यांना वाटलं, त्यात नवल नाही.

आता सांगून खरं वाटायचं नाही, पण तोवर कारखान्यात आरोग्य म्हणजे बोटात सुई घुसली की लावायची चिकटपट्टी. त्या वर्षी पहिल्यांदा मोठ्या हॉस्पिटलातून डॉक्टरीणबाई आणि सिस्टर आठवडाभर येणार होत्या. वजन, रक्त, रक्तदाब, छातीत गाठबीठ आहे का ते बघणं, आणि शेवटी पडद्यामागची तपासणी. गर्भाशयाच्या तोंडाशी लाकडी पट्टी फिरवून काचेवर पुसायची आणि काच हॉस्पिटलात पाठवायची. बायका पुढे येईनात, म्हणून ऑफिसने एक गाजर दाखवलं. ज्या लाइनीतल्या सगळ्या जणी तपासून घेतील, त्या लाइनीला शनिवारी अर्धी सुटी. एक जरी राहिली तरी कुणालाच नाही.

आणि थोरलीने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, “मी मरेन, पण त्या टेबलावर चढणार नाही.”

कारण कुणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. मुलीच्या वेळी ती रात्रभर अडली होती. भोवती शिकाऊ पोरांचा घोळका, पाय बांधलेले, अंगावर धड चादर नाही, आणि त्यांचे सर तिच्या पोटावर हात ठेवून एकाला मॅचचा स्कोअर विचारत होते. ती ओरडली तेव्हा एका आयाने तिच्या मांडीवर चापट मारली होती. ती चापट तेरा वर्षं तिच्या कातडीवर तशीच होती.

धाकटी परत आली ती डुलतच. बिल्ला थोरलीच्या मांडीवर टाकून म्हणाली, “झालं. डोळे मिटायचे, मनात एक गाणं म्हणायचं. दुसऱ्या कडव्याच्या आत संपतं. उगाच बाऊ केलात.”

“आणि तुझा नंबर?”

“माझा परवा. परवा सिस्टरही दुसरी असते म्हणे. पुन्हा तेच गाणं.”

शनिवारी लाइनीला अर्धी सुटी मिळाली. दोघी जावा दुपारच्या उन्हात रमतगमत घरी आल्या, बाहेरच्या पायरीवर बसून दोघींनी केस धुतले, आणि तपासणीचं कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही.

निकाल आले ते तीनेक आठवड्यांनी. ज्यांचं सगळं ठीक होतं त्यांना गेटवरच निरोप मिळाला. धाकटीलाही मिळाला. “साफ!” ती कॉलरचं बंडल हवेत उडवून म्हणाली. मग घड्याळबाई लाइनीच्या तोंडाशी आल्या आणि त्यांनी एकच नंबर पुकारला. थोरलीचा.

सगळ्या मशीन एकदम गप्प झाल्या नाहीत. एकेक करून थांबत गेल्या, ते जास्त वाईट होतं.

स्टोअरच्या खोलीत सिस्टर एकट्याच होत्या. त्यांनी थोरलीला खुर्ची दिली, स्वतः स्टुलावर बसल्या. बाई मध्यमवयीन, आवाजाने थकलेली, डोळ्यांनी नव्हे.

“घाबरायचं नाही. कॅन्सर आहे असं मी म्हणत नाहीये. गर्भाशयाच्या तोंडाच्या काही पेशी बदललेल्या दिसल्यात. अशा पेशी तशाच सोडल्या तर काही वर्षांनी वाईट रूप घेऊ शकतात. आत्ता बघितलं तर पुढचं सगळं टळतं. त्यासाठीच तर तुमच्या मागे लागलो होतो. काही त्रास होतो का? मधेच अंगावर जाणं वगैरे?”

“नाही.”

“नसतोच होत. म्हणून तर बायका येत नाहीत. सोमवारी मोठ्या हॉस्पिटलात या. मोठ्या डॉक्टरीणबाई भिंगातून बघतील.”

थोरलीचा पहिला श्वास सुटकेचा होता. हे माझं नाही. जीव भांड्यात पडला तिचा, अगदी खणकन. आणि मग दुसरा श्वास घेता येईना. कारण ते जिचं होतं, ती पलीकडे बसून कॉलर लावत होती आणि सगळ्या लाइनीला हसवत होती.

“बाई, पाणी हवंय का?” सिस्टर म्हणाल्या.

तिने धाकटीला जेवणाच्या सुटीत गाठलं, हात धुवायच्या मोरीशी. नळ मोठा सोडला आणि त्या आवाजाखाली सगळं सांगितलं. धाकटीचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला.

“पण माझी तर साफ आलीय.”

“अगं, दोन्ही काचा तुझ्याच.”

“मग दोनातली एक खोटी. मी चांगली ती खरी धरते.”

“असं धरता येतं होय? बाजारातली वांगी आहेत का?”

“काचा बदलल्या असतील. तीनशे बायकांच्या काचा. आपण नाही का कधी साईज बदलून टाकत?” धाकटी भराभर बोलत होती. मग एकदम थांबली. नळ अजून मोठा केला. “जाऊबाई, ऐका. कुणाला बोलू नका. माझे दिवस वर गेलेत.”

थोरलीने मागे कुणी आहे का ते वळून पाहिलं.

“अजून ह्यांनाही नाही सांगितलं. दोनदा सांगितलं आणि दोनदा गेलं, म्हणून. आता मी त्या टेबलावर चढणार नाही. ते आत काहीतरी खरवडतात, तुकडा काढतात. कफवालीच्या नणंदेचं सगळं काढूनच टाकलं. माझं हे जाईल. शपथ घ्या बेबीची, कुणाला सांगणार नाही.”

“बेबीची शपथ नको घालूस.”

“घातली. झालं.” आणि ओले हात एप्रनला पुसत ती निघून गेली.

घरी थोरलीच्या आधी बातमी पोचली होती. लाइनीत पुकारलेला नंबर काय लपतोय? त्या घराला माडीवर दोन खोल्या आणि खाली अंगणात नळ. बाहेरच्या खोलीत सासूबाई पलंगावर. न्हाणीत पाय घसरायचं निमित्त झालं आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून त्या तिथूनच राज्य करायच्या. आज मात्र त्यांनी थोरलीला जवळ बोलावलं, तिचा हात हातात घेतला. अशा सवयी त्या घरात नव्हत्या.

“मोठे, तू घाबरू नकोस. वेळेवर कळलं म्हणायचं. मला बघ. सत्तर वर्षं ह्या हाडांवर उभी होते, कुणी एकदा विचारलं नाही की बाई, हाडं कशी आहेत तुझी. आणि पडल्यावर तो डॉक्टर म्हणतो, आतून पोकळ झालीत. अरे मेल्या, मग आधी वाजवून का नाही बघितलीस?”

थोरलीच्या नवऱ्याने, ज्याने जन्मात कधी स्टोव्ह पेटवला नव्हता, त्याने चहा केला. अर्धा उतू गेला. उरलेला कप त्याने बायकोसमोर ठेवला आणि तो तिच्याकडे न बघता बेबीच्या वेणीकडे बघत बसला. तेरा वर्षांची बेबी, फिकुटल्या ओठांची, आईला एकटक न्याहाळत होती. पाहुण्यांकडे बघावं तशी.

“तू उठू नकोस,” नवरा म्हणाला. “आजपासून पाणी धाकटी आणेल.”

“हो, हो,” धाकटी म्हणाली. “तुम्ही बसा जाऊबाई.” आणि तिने दोन बादल्या उचलल्या.

थोरली बसून राहिली. जिन्यावर बादलीच्या कडीचा आवाज वर येऊ लागला. एक पायरी, मग विसावा. पुन्हा एक पायरी. सगळं घर तिला जपत होतं, आणि जिला जपायचं ती पाणी वाहत होती. तिसऱ्या खेपेला थोरली धावत जिन्यात गेली आणि तिने धाकटीच्या हातची बादली हिसकावली. पाणी दोघींच्या पायांवर सांडलं.

“तू उचलायचं नाहीस!”

“हळू बोला.”

“मी सांगते सगळ्यांना. आत्ता सांगते.”

“सांगा,” धाकटी दबक्या आवाजात म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ओठ मात्र चिडलेले. “सांगा, म्हणजे उद्या मला तिथे झोपवतील. आणि हे गेलं तर तुम्ही देणार आहात का मला? एक तरी आहे तुम्हाला.”

वरून सासूबाईंची हाक आली, “काय गं, काय सांडलं?”

“पाणी, आई,” दोघी एकदम म्हणाल्या.

त्या दिवसापासून सोमवारपर्यंत दोघींची गाठ पडेल तिथे हेच. थोरली तोंड उघडायला जायची आणि धाकटी नुसती भुवई उचलायची. बेबी समोर असली की तिच्याकडे बोट करायची. शपथ. थोरली काही तशी शपथाबिपथा मानणारी नव्हती. पण मूल हातचं जाण्याचं पाप आपल्या तोंडातून निघालेल्या शब्दाने व्हावं, या विचाराने तिची जीभ टाळ्याला चिकटायची. आणि गप्प राहिलं तर धाकटी चार-पाच वर्षांत आपल्या डोळ्यांदेखत वाळत जाणार, हेही तिला लख्ख दिसत होतं. रविवारी तिने बेबीच्या शाळेच्या कपड्यांना इस्त्री करताना बाही जाळली.

सोमवारी नवरा सोबत यायला निघाला. थोरली म्हणाली, “बायकांचं आहे. धाकटी येईल.”

मोठ्या हॉस्पिटलातला तो बोळ लांब होता. एका बाजूला खिडक्या, एका बाजूला बाक, आणि बाकांवर सगळ्या वयाच्या बायका. शाळकरी पोर आईच्या खांद्यावर डोकं टाकून बसलेली, एक भरल्या पोटाची, एक काठीवाली म्हातारी, जी शेजारणीला सांगत होती की मी उगाच आलेय, मला काही झालेलं नाही. त्यांच्यात जागा करून दोघी बसल्या. आणि तिथे धाकटीने आपला बेत सांगितला.

“आता असं करायचं. नंबर पुकारला की तुम्ही आत जा. तुमचा नंबर आहे, तुम्हीच जा. त्या बघतील, तुमचं साफ निघेल. म्हणजे काच चुकली होती असं होईल, आणि विषय संपला. कुणाला खोटं बोलावं लागणार नाही.”

थोरलीला कळेना की ही इतकी हुशार केव्हा झाली. खरंच, किती सोपं होतं. तिने फक्त आत जायचं, खरोखरचं तपासून घ्यायचं आणि घरी यायचं. नवरा चहा करायचा बंद होणार, बेबी पुन्हा खेळायला जाणार. सगळ्यांच्या लेखी सगळं ठीक.

“आणि तुझं?”

“माझं माझ्यापाशी. बाळ झाल्यावर येईन मी. देवाशपथ येईन.”

“नाही येणार तू.”

नंबर पुकारला गेला.

आत तेच टेबल होतं. तेच लोखंड, तसाच वर टांगलेला दिवा. थोरली उंबऱ्यातच थांबली. पण डॉक्टरीणबाई एकट्याच होत्या, केस आखूड, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी आधी दाराला आतून कडी लावली, मग चादर तिच्या हातात दिली आणि पाठ फिरवून उभ्या राहिल्या.

“मी आधी सांगणार, मग करणार. दुखलं तर ‘थांबा’ म्हणायचं. मी थांबते.”

इतक्या वर्षांत तिला असं कुणी म्हटलं नव्हतं. ती चढली. छताकडे बघत राहिली. धाकटीचं गाणं कोणतं होतं ते विचारायचं राहिलं, म्हणून तिने मनातल्या मनात काजं मोजली. एकदाही ‘थांबा’ म्हणावं लागलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी भिंगाला डोळा लावला, बराच वेळ. मग मान वर केली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. “अहो, तुमचं तर उत्तम आहे. मला काही म्हणजे काही दिसत नाही. होतं असं कधी कधी. नवीन काच पाठवते, पण चांगली बातमी आहे. उठा, घरी जा.”

थोरली उठली नाही.

“बाई, उठा. झालं.”

“ती मी नव्हते,” ती छताला म्हणाली.

“काय?”

“कारखान्यातली काच. ती माझी नव्हती. माझ्या जावेची आहे. ती माझ्या बदली गेली होती.”

डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढायचे थांबवले. “बदली? तपासणीला? कशासाठी?”

“एक राहिली असती तर शनिवारची अर्धी सुटी गेली असती.”

“अर्ध्या सुटीसाठी?”

“बावीस जणींच्या.”

चष्मा काढून त्यांनी उगाचच पुसला. मग थोरलीने उठून बसत बाकीचंही सांगितलं. दोन दिवसांनी दिलेली, साफ आलेली काचही तिचीच. तिचे दिवस वर गेलेत. आधीची दोन गेलीत. आपल्याला शपथ घातलीय. ती बाहेर बाकावर बसलीय.

“तिची दुसरी काच साफ आली ना, ती नाही धरायची,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “एकदा पुसून घेतलेल्या जागी लगेच दोन दिवसांनी पुसलं की हाताला काय लागणार? पहिलीच खरी. आणि दिवस राहिले असतील तर मी आत काहीही कापत नाही. नुसती बघते. पोटातलं मूल मोठं होऊ देऊन, नजर ठेवून, नंतर उपाय करता येतात. कुणी सांगितलं तिला की काढून टाकतात म्हणून?”

“सगळ्याच म्हणतात.”

“सगळ्याच,” बाई म्हणाल्या आणि दार उघडायला गेल्या.

धाकटीने दाराचा आवाज ऐकून हसऱ्या चेहऱ्याने वर पाहिलं. “झालं?” मग तिला थोरलीच्या मागे डॉक्टरीणबाई दिसल्या, आणि त्या आपल्याकडेच बघताहेत हेही दिसलं.

ती उठली आणि सरळ जिन्याकडे चालू लागली.

“अगं थांब!” थोरली चपला न घालताच मागे धावली. बाकांवरच्या बायका माना वळवून बघू लागल्या. जिन्याच्या तोंडाशी थोरलीने तिचा दंड पकडला.

“सोडा.”

“त्या काही काढणार नाहीत. नुसतं बघणार. त्यांनी सांगितलंय मला, तूच विचार.”

“तुम्ही बेबीची शपथ मोडलीत.”

“मोडली.”

“तिला काही झालं तर?”

“तर माझ्या डोक्यावर. तुला झालं तरी माझ्याच डोक्यावर आहे. तू माझ्या जागी गेली होतीस.” थोरलीचा आवाज चढला होता. जन्मात कधी चढला नव्हता, म्हणून तो कसा उतरवायचा हे तिला ठाऊक नव्हतं. “मी आत्ता चढले त्या टेबलावर. मी! बघ माझ्याकडे. पाय अजून कापतायत. तरी चढले.”

धाकटीने खाली पाहिलं. थोरलीचे अनवाणी पाय खरंच कापत होते.

डॉक्टरीणबाई तोवर जवळ आल्या होत्या. त्यांनी दोघींमध्ये हात घातला नाही. दोन पावलं लांब उभ्या राहून म्हणाल्या, “आधी लघवी तपासू. दिवस आहेत की नाहीत ते तरी कळू दे तुम्हाला. मग बोलू. पळून गेलात तर पोलीस नाही धाडणार मी.”

जिन्यावरून कुणीतरी ट्रॉली उतरवत होतं, तिचा खडखडाट खालपर्यंत गेला.

धाकटीने दंड सोडवून घेतला. “येते,” ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. थोरली मागोमाग निघाली, तशी ती वळली. “तुम्ही नाही. तुम्ही बाहेर बसा.”

दार लागलं. थोरली बाकावर येऊन बसली, जिथे धाकटी बसली होती तिथेच. काठीवाली म्हातारी तिच्याकडे सरकून म्हणाली, “मला काही झालेलं नाहीये हो. उगाच आणलंय.” थोरलीने मान हलवली.

दिवस होते. काचेत दिसलं तेही भिंगाखाली होतंच. डॉक्टरीणबाईंनी शब्द पाळला, काही कापलं नाही, दर महिन्याला बघायचं ठरलं. पण तिसऱ्या महिन्यात धाकटीचं ते मूल गेलं, आधीची दोन गेली तसंच. बाईंनी तिला बसवून सांगितलं की याचा आणि बघण्याचा काही संबंध नाही, आधीच्या दोन वेळी कुणी बोटही लावलं नव्हतं. धाकटीने ऐकून घेतलं. पटलं की नाही ते तिने कुणाला सांगितलं नाही. पुढे त्या बदललेल्या पेशींवर छोटं ऑपरेशन झालं, दोन दिवसांत ती घरी आली आणि आठवड्याने कॉलर लावू लागली. मात्र त्यानंतर तिने थोरलीला कशानेच हाक मारली नाही. ‘अहो’ नाही, ‘जाऊबाई’ नाही. “मीठ लागेल का,” “नळ आलाय,” असं भिंतीला सांगितल्यासारखं बोलायची. एका घरात, एका लाइनीत, अशी कैक वर्षं गेली.

बदलीची गोष्ट ऑफिसपर्यंत गेली आणि घड्याळबाईंना बरंच ऐकून घ्यावं लागलं. पण डॉक्टरीणबाईंनी मालकांना चार शब्द सुनावले असावेत, कारण पुढच्या वर्षी अर्ध्या सुटीचं गाजर बंद झालं आणि त्याऐवजी तपासणीच्या वेळी मशीनवर बसायला खरोखरची जादा बाई मिळाली. घड्याळबाईंनी निवृत्त होईपर्यंत तो नियम कुणाला मोडू दिला नाही. निवृत्तीच्या दिवशी त्यांना बायकांनी घड्याळच दिलं, आणि त्या रडल्या. सिस्टर दरवर्षी येत राहिल्या. त्यांनीच एकदा डबा द्यायला आलेल्या बेबीची खालची पापणी ओढून बघितली आणि लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. फिकुटलेली पोर वर्षभरात अशी उजळली की सासूबाई म्हणाल्या, रंगवलीय की काय हिला.

सासूबाई त्या पलंगावरून पुन्हा उठल्या नाहीत. शेवटपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक बाईला त्या विचारायच्या, “हाडं बघून घेतलीस का गं?” लोक हसायचे. थोरलीचा नवरा गेला तो झोपेतच. चहा त्याला शेवटपर्यंत जमला नाही. बेबी शिकली, ऑफिसात लागली, तिला एक मुलगी झाली.

धाकटीची पिशवी पंचेचाळिशीनंतर काढावी लागली, दुसऱ्याच कारणाने. भुलीतून शुद्धीवर येताना तिने कोरड्या ओठांनी म्हटलं, “जाऊबाई, पाणी.” नवरा शेजारीच भांडं घेऊन उभा होता. तो मुकाट्याने बाजूला झाला. हाक परत आली ती आलीच.

थोरली तीन वर्षांनी, मग पुन्हा तीन वर्षांनी, असं करत वय उलटेपर्यंत त्या टेबलावर चढत राहिली. भीती गेली नाही. दरवेळी पाय कापायचे. सत्तरी ओलांडल्यावर एका सकाळी दूध तापवता तापवता ती खाली बसली आणि गेली. गॅस धाकटीने बंद केला.

त्याच्या पुढच्या वर्षी शाळेत बेबीच्या मुलीला लस द्यायची होती. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरपासून मुलींना वाचवणारी लस आता निघाली आहे. बेबीला रजा मिळेना, म्हणून धाकटी गेली, काठी टेकत. शाळेच्या एका वर्गात मुलींची रांग होती. टेबलाशी बसलेल्या तरण्या सिस्टरने विचारलं, “सोबत कोण आहे हिच्या?”

“आजी,” धाकटी म्हणाली.

मुलगी खुर्चीत अवघडून बसली होती. गणवेशाची बाही दंडाला घट्ट होती, वर सरकेना. सिस्टर ओढायला लागली, तसा धाकटीने तिचा हात बाजूला केला. केसातली पिन काढली, बाहीच्या आतल्या शिवणीत घातली आणि अंदाजाने चार टाके उसवले. कापड सैल झालं. तिने ते खांद्यापर्यंत दुमडलं आणि मुलीचा दंड मोकळा करून दिला.

“घरी गेल्यावर टाके घालून देते,” ती म्हणाली.